बाकावर बसून परत आलेला मुलगा

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. बारा वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीनिमित्त आइसलँडला आलो आणि रेक्याविकला लागूनच असलेल्या एका गावात स्थिरावलो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, आता अठरा पूर्ण झाले. इथली बहुतेक मुले दुपारी कोणत्या ना कोणत्या खेळाच्या क्लबात जातात, तसा तोही बास्केटबॉलला जाऊ लागला आणि त्यातच रमला. उंची एक मीटर नव्वद सेंटिमीटर, खेळतो गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याच्या जागी. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी इथले नागरिकत्व घेतले. गेल्या ऑगस्टमध्ये स्पेनमधील एका क्लबाच्या युवा अकादमीने त्याला बोलावले. शाळेची शेवटची परीक्षा बाजूला ठेवून तो गेला. निरोप द्यायला क्लबातील वीस-पंचवीस मुले आली होती. तिथे आठ महिन्यांत त्याला जेमतेम चार सामन्यांत, तेही अखेरच्या दोन-तीन मिनिटांपुरते उतरवले. एप्रिलमध्ये ‘पुढच्या वर्षी जागा नाही’ असे सांगून घरी पाठवले.

तेव्हापासून त्याने इथल्या क्लबात पाऊल ठेवलेले नाही. मित्रांचे फोन घेत नाही. बॅग दारामागे तशीच पडून आहे, विमानतळावर लावलेली चिठ्ठीसुद्धा त्याने काढलेली नाही. मात्र रात्री अकरा वाजून गेले, की तो समोरच्या शाळेच्या मैदानावर जातो. जूनमध्ये इथे तेव्हाही लख्ख उजेड असतो, पण मैदानावर कोणी नसते. तिथे तो तास-दीड तास एकटाच चेंडू टाकत राहतो आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहते. यजमान म्हणतात, ‘हौस फिटली, आता शिक्षणाकडे बघ.’ मुलगा म्हणतो, ‘माझे संपले.’ खरेच संपले का हो? सांगलीहून सासरे रोज फोनवर विचारतात, ‘सामना कधी आहे?’ त्यांना काय सांगू?

– एक आई, आइसलँड

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण लिहीन लिहीन म्हणत तुम्ही पुष्कळ दिवस थांबला असणार. संपलेले नाही. हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून म्हणत नाही. तुम्ही ज्या देशात राहता, त्या देशातल्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूंची आयुष्ये मी गेली काही वर्षे फार आस्थेने वाचत आले आहे, आणि बाहेर जाणे, बाकावर बसणे, घरी परतणे आणि पुन्हा जाणे हा तिथल्या खेळाडूच्या वाटचालीचा जवळजवळ नेहमीचा क्रम आहे, असे माझे मत झाले आहे. तुमच्या मुलाला या क्रमाचे पहिले तीन टप्पे एका वर्षात पाहावे लागले, हे त्याच्या वयाला जड गेले आहे, इतकेच.

योन आर्नोर स्टेफानसोन हे नाव तुमच्या मुलाला पाठ असेल. तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना त्याच्याविषयी किती ठाऊक आहे, ते मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. (आपल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट: आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. स्टेफानसोन म्हणजे स्टेफानचा मुलगा. आपण नावापुढे वडिलांचे नाव लावतो आणि मग आडनाव लिहितो, ते लोक वडिलांच्या नावापाशीच थांबतात आणि एकमेकांना सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. म्हणून मीही त्याला योन आर्नोरच म्हणेन.) त्याचा जन्म १९८२ चा. रेक्याविकच्या पश्चिम भागातील केआर हा त्याचा क्लब. थोरला भाऊ ओलाफुर हँडबॉलमधला जगातल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या आइसलँडच्या संघाचा कर्णधार. म्हणजे घरात ‘आपला मुलगा काय करतो’ याची मोजपट्टी केवढी उंच असेल, याची कल्पना करा.

योन आर्नोर वयाच्या विसाव्या वर्षी जर्मनीतील ट्रियर या शहराच्या संघात गेला, आणि एका वर्षातच, २००३ मध्ये, डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकेतील एनबीएच्या संघाने त्याच्याशी करार केला. एनबीए, म्हणजे या खेळातील जगातली सर्वांत मोठी स्पर्धा. त्याच्याआधी फक्त एकच आइसलँडर तिथे खेळला होता. डॅलसच्या संघात तेव्हा डर्क नोविट्स्की, स्टीव्ह नॅश, मायकेल फिनली अशी माणसे होती. एकविसाव्या वर्षी या मुलाने रोज सकाळी त्यांच्याबरोबर सराव केला, त्यांच्याबरोबर प्रवास केला, आणि ब्याऐंशी सामन्यांच्या त्या नियमित हंगामात तो एकाही सामन्यात मैदानावर उतरला नाही. एकाही नाही, ताई. तुमच्या मुलाला चार सामने तरी मिळाले. पुढच्या वर्षी तो डॅलसमध्ये नव्हता. चार लाखांच्याही आतल्या लोकसंख्येच्या देशात, जिथे बसथांब्यावर उभा असलेला माणूससुद्धा तुमच्या मावशीला ओळखत असतो, तिथे ‘आपला योन अमेरिकेहून न खेळता आला’ हे कोणाला कळले नसेल असे तुम्हाला वाटते का?

त्यानंतरच्या वर्षाकडे मात्र नीट पाहावे लागते. २००४ मध्ये तो रशियातील डायनॅमो सेंट पीटर्सबर्गला गेला. डॅलसच्या तुलनेत हे पाऊल खाली पडले असे कोणालाही वाटले असते, पण तिथे डेव्हिड ब्लॅट या प्रशिक्षकाने त्याला खेळवले, आणि २००५ मध्ये त्या संघाने युरोपातील ‘फिबा युरोप लीग’ जिंकली. पुढच्याच हंगामात तो नेपल्सच्या संघात होता आणि त्या संघाने २००६ चा इटालियन चषक जिंकला. बाकावरून उठल्यापासून दोन वर्षांत दोन चषक. डॅलसच्या त्या वर्षात तो वाईट खेळाडू नव्हता आणि पीटर्सबर्गला जाताना काही जादूने चांगला झाला नाही. फरक एवढाच पडला, की एका ठिकाणी त्याला खेळायला मिळाले नाही आणि दुसऱ्या ठिकाणी मिळाले. अठरा ते बावीस या वयात खेळाडूला सर्वांत जास्त गरज असते ती प्रत्यक्ष सामन्यातल्या मिनिटांची. नामांकित क्लबाचा बनियन अंगात असून मिनिटे नसतील, तर ते वर्ष वाया जाते. मला या सगळ्या प्रकरणात तुमच्या मुलाच्या खेळापेक्षा त्या अकादमीच्या निवडीविषयी जास्त शंका वाटते, पण ते झाले गेले.

माझ्या दृष्टीने योन आर्नोरच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट याच्या पुढे आहे. व्हॅलेन्सिया आणि नंतर रोम असा प्रवास करून, रोमच्या संघाने इटलीच्या अजिंक्यपदाची अंतिम फेरी गाठल्यानंतर, २००८ च्या उन्हाळ्यानंतर तो घरी आला. वय पंचविशी ओलांडत असलेले, म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातले ऐन उमेदीचे. लोक त्या वयात आणखी मोठा करार शोधतात. हा आपल्या जुन्या केआर क्लबात येऊन बसला. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या, क्रोना या तिथल्या चलनाची किंमत घसरली, क्लबांना परदेशी खेळाडूंचे पगार देणे अशक्य झाले आणि अनेकांना परत पाठवावे लागले. त्या हिवाळ्यात संघ उभे राहिले ते प्रामुख्याने घरच्या मुलांवर. केआरच्या संघात योन आर्नोर होता, त्याच्याच पिढीचा याकोब सिगुर्दार्सोन होता, परदेशातून परतलेले आणखी काही जण होते. ग्रिंडाविकविरुद्धची अंतिम मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली आणि केआरने ती ३–२ अशी जिंकून २००९ चे अजिंक्यपद मिळवले. ज्या वर्षी देशातल्या घराघरांत कर्जाचे हप्ते आणि गेलेल्या नोकऱ्या यांशिवाय दुसरे बोलणे नव्हते, त्या वर्षी लोक त्या हॉलमध्ये जाऊन बसत होते.

हे वर्ष त्याच्या कारकिर्दीत खड्डा म्हणून मोजायचे, की पाया म्हणून? मी पाया म्हणते, कारण त्यानंतर तो पुन्हा बाहेर गेला आणि सात वर्षे परतला नाही. ट्रेव्हिसोत थोडा काळ, ग्रानाडात दोन हंगाम, सारागोसात तीन, मग मालागा, मग पुन्हा व्हॅलेन्सिया. स्पेनची लीग युरोपातील सर्वांत कठीण राष्ट्रीय लीग मानली जाते, आणि तिथे हा माणूस तिशी ओलांडल्यावरही टिकून होता. २०१४ मध्ये आइसलँडच्या क्रीडा पत्रकारांनी त्याला देशाचा सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून निवडले. २०१६ मध्ये तो पुन्हा केआरमध्ये परतला आणि २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन अजिंक्यपदे त्याच्या खात्यात जमा झाली. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला. देशासाठी शंभर सामने खेळून झाले होते.

आता एक संध्याकाळ तुम्हाला जवळून दाखवते. सप्टेंबर २०१५, बर्लिन. युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा, जिला सगळे युरोबास्केट म्हणतात. आदल्या वर्षी ग्रेट ब्रिटनला दोन्ही सामन्यांत हरवून आइसलँड इतिहासात पहिल्यांदाच तिथे पोहोचले होते. पहिलाच सामना यजमान जर्मनीशी, आणि जर्मनीच्या संघात डर्क नोविट्स्की, आपल्या देशाकडून शेवटची स्पर्धा खेळत असलेला. बारा वर्षांपूर्वी डॅलसच्या सरावात ज्याच्यासमोर योन आर्नोर रोज उभा राहत असे आणि सामन्याच्या दिवशी ज्याचा खेळ बाजूने पाहत असे, तो माणूस समोर. आणि या वेळी दोघेही मैदानावर. आइसलँडने तो सामना गमावला, ७१–६५ असा, अवघ्या सहा गुणांनी. त्या स्पर्धेतले पाचही सामने त्यांनी गमावले, तुर्कस्तानविरुद्धचा शेवटचा तर जादा वेळेत. प्रेक्षकांमध्ये निळे सदरे घातलेले आइसलँडचे लोक होते, आणि हरलेल्या संघासाठी ते शेवटपर्यंत गात होते.

२०१७ मध्ये हेलसिंकीत पुन्हा पाच पराभव. २०२५ मध्ये पोलंडमधील कातोवित्सेत पुन्हा पाच. तीन स्पर्धा, पंधरा सामने, विजय शून्य. तुमच्या यजमानांना हा आकडा अवश्य सांगा, कारण त्यांच्या मनात जय-पराजयाचा जो हिशेब चालू आहे, त्या हिशेबाने पाहिले तर आइसलँडने बास्केटबॉल केव्हाच सोडून द्यायला हवा होता. पण कातोवित्सेला लोक विमाने भरभरून गेले होते.

एवढे सांगून मी थांबले, तर तुमची फसवणूक होईल. तुमचा मुलगा योन आर्नोर आहे, असे मी म्हणत नाही. त्याच्यासारखा खेळाडू त्या देशाला एका पिढीत एखादाच मिळतो. त्रिग्वी ह्लिनासोनची गोष्ट तर इथे मुळीच लावू नका, जरी ती तुम्हाला कोणी ना कोणी सांगितली असेल. उत्तरेकडील बार्दारदालुर खोऱ्यातील मेंढ्यांच्या शेतावर वाढलेला मुलगा, सोळा-सतराव्या वर्षी आकुरेरीत पहिल्यांदा गांभीर्याने चेंडू हातात घेतो, एकोणिसाव्या वर्षी व्हॅलेन्सियाशी करार करतो आणि २०२५ मध्ये बिल्बाओकडून फिबा युरोप चषक जिंकतो, हे सगळे खरे आहे. पण त्रिग्वीची उंची दोन मीटर सोळा सेंटिमीटर आहे. एवढ्या उंचीच्या मुलाची संघ वाट पाहतात. एक मीटर नव्वदच्या गार्डची कोणी वाट पाहत नाही, तसे गार्ड युरोपातल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्याने स्वतःहून उठून दाखवावे लागते. त्रिग्वीच्या गोष्टीतून घेण्यासारखे एकच आहे: पहिल्या वर्षी व्हॅलेन्सियात पुरेसे खेळायला मिळाले नाही, तेव्हा तो उसना खेळाडू म्हणून ओब्रादोइरो या लहान संघात गेला. तोही मिनिटांच्याच शोधात.

तुमच्या मुलाने समोर ठेवावा असा खेळाडू मार्टिन हर्मन्सोन आहे. तोही गार्ड, तोही केआरचा, उंची जवळपास तुमच्या मुलाएवढी. त्याच्या कारकिर्दीला एकही उडी नाही, सगळ्या पायऱ्या आहेत. आधी घरच्या लीगमध्ये मोठ्यांच्या संघातून खेळून घेतले. मग न्यूयॉर्कमधील एलआययू ब्रुकलिन विद्यापीठात दोन वर्षे. मग फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत, शार्लव्हिल-मेझिएर या गावात. हे गाव नकाशात शोधावे लागते. तिथे खेळ दिसला म्हणून पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीत राँसच्या संघात. तिथून आल्बा बर्लिनमध्ये, आणि २०२० मध्ये त्या संघाबरोबर जर्मनीची लीग आणि चषक दोन्ही. मग व्हॅलेन्सिया. तिथे २०२२ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि कित्येक महिने मैदानाबाहेर काढावे लागले. २०२४ च्या आरंभी पुन्हा बर्लिन. तुमचा मुलगा अठराव्या वर्षी थेट स्पेनला गेला, म्हणजे मार्टिनने ज्या पायऱ्यांवर सहा वर्षे घालवली, त्या त्याने एका विमानप्रवासात ओलांडू पाहिल्या. यात त्याचा दोष नाही, बोलावणे आले तर त्या वयात कोणीही जाईल. पण आता तो घरी आला आहे, तर पहिल्या पायरीवर उभे राहण्याची संधी त्याला पुन्हा मिळाली आहे, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी म्हणजे तुमच्या गावच्या क्लबाचा पुरुषांचा संघ, आणि तो वरच्या श्रेणीत असून तिथे जागा नसेल, तर दुसऱ्या श्रेणीतला एखादा संघ, जिथे त्याला प्रत्येक सामन्यात वीस-पंचवीस मिनिटे खेळावे लागेल. तिथे तिशी ओलांडलेले, दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे, अंगाने दणकट खेळाडू असतात. अकादमीतल्या समवयस्क मुलांपेक्षा अशा लोकांविरुद्ध खेळून गार्ड लवकर तयार होतो. सराव ऑगस्टमध्ये सुरू होतात, लीग ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आजपासून दोन महिने आहेत.

तुमच्या यजमानांच्या काळजीकडे येते, कारण ती काळजी खोटी नाही. आइसलँडच्या लीगमध्ये खेळून घर चालवणारे स्थानिक खेळाडू थोडे, बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळतात. परदेशात गेलेल्यांचे करारही पुष्कळदा एकाच वर्षाचे असतात. वर योन आर्नोरच्या शहरांची जी यादी दिली, ती वाचताना छान वाटते, पण त्यातले प्रत्येक शहर म्हणजे नवे घर, नवी भाषा आणि ‘पुढच्या वर्षी कुठे’ हा प्रश्न. तेव्हा शिक्षण हवेच. मात्र ‘खेळ की शिक्षण’ असा जो वाद तुमच्या घरात चालू आहे, तो आइसलँडमध्ये तरी विनाकारण आहे. हेलेना स्वेरिसडोत्तिर ही त्या देशातली आजवरची सर्वांत नावाजलेली महिला बास्केटबॉलपटू. हौकर क्लबात वाढली, २००७ ते २०११ अमेरिकेतील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात शिकली आणि तिथल्या संघातून खेळली, आणि त्यानंतर स्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरीत व्यावसायिक म्हणून खेळली. शेवटी घरी परतली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिने काही सोडले नाही, फक्त क्रम नीट लावला. तुमच्या मुलाची शाळेची शेवटची परीक्षा राहिली आहे, ती या हिवाळ्यात घरच्या संघातून खेळता खेळता पूर्ण करता येईल, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय अमेरिकेतल्या कोणत्याही महाविद्यालयाचे दार उघडणार नाही. म्हणजे यजमानांची मागणी आणि मुलाचा मार्ग पुढच्या वर्षापुरते तरी एकच आहेत. हे त्या दोघांना एकत्र बसवून सांगा, वेगवेगळे गाठून सांगू नका.

इथे एक कागदोपत्री बाब, जिच्याकडे दुर्लक्ष करू नये. स्पेनमधील अकादमीबरोबर जे काही लिहून दिले असेल, त्याची प्रत मिळवून ठेवा आणि त्याला पैसे मिळत असल्यास किती व कशासाठी, हे नीट पाहा. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाच्या पात्रतेचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, तेव्हा तिकडे अर्ज करायचा झाला तर त्या महाविद्यालयाच्या संबंधित विभागाकडून आधी लेखी उत्तर घ्या, एजंटाच्या शब्दावर राहू नका. तुम्ही चार वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतलेत हे मात्र फार चांगले झाले, कदाचित तुमच्या लक्षातही आले नसेल इतके. आइसलँड युरोपीय संघात नसले तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, त्यामुळे त्या पासपोर्टवर तो स्पेन, फ्रान्समध्ये युरोपीय खेळाडू म्हणून गणला जातो आणि क्लबाला युरोपाबाहेरच्या खेळाडूची जागा त्याच्यासाठी खर्चावी लागत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार सोळाव्या वर्षानंतर ज्याला नागरिकत्व मिळते, अशा खेळाडूंपैकी एका राष्ट्रीय संघात एकालाच जागा असते. तुमचा मुलगा तेव्हा चौदाचा होता. म्हणजे उद्या त्याचा खेळ तेवढा वाढला, तर निळा सदरा घालण्यात कोणताही नियम त्याच्या आड येणार नाही.

मी वर म्हटले, की योन आर्नोरच्या आधी एक आइसलँडर एनबीएत खेळला होता. तो पियेतुर गुद्मुन्दसोन, दोन मीटर अठरा सेंटिमीटर उंचीचा, १९८१ मध्ये पोर्टलंडने निवडलेला, नंतर लेकर्स आणि सॅन अँटोनिओकडून खेळलेला. त्याच्या काळात एनबीएत खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला आंतरराष्ट्रीय सामन्यांत मज्जाव होता, हा नियम १९८९ मध्ये बदलला. म्हणजे मोठ्या जगात जाण्याची किंमत म्हणून ऐन उमेदीतली वर्षे त्याला देशाच्या संघाबाहेर काढावी लागली. त्याला परतीचे दार बंद होते. तुमच्या मुलाला ते उघडे आहे आणि तो त्या दारात जायला लाजतो आहे, हे मला वाचताना फार लागले.

कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तो रात्री अकरानंतर मैदानावर जातो. ज्याचे संपले आहे, तो मुलगा तास-दीड तास एकटा चेंडू टाकत नाही. त्याने खेळ सोडलेला नाही, निरोप द्यायला आलेल्या त्या वीस-पंचवीस मुलांसमोर उभे राहणे तेवढे त्याला जमत नाही. म्हणून तुम्ही स्वतः, त्याला न सांगता नव्हे, तर सांगून, क्लबातल्या ज्या प्रशिक्षकाने त्याला लहानपणापासून शिकवले त्यांना भेटा. त्यांना पहिल्या भेटीत संघात जागा मागू नका. त्यांनी एखाद्या रात्री त्या मैदानावर यावे, एवढेच सांगा. त्या देशात असे परतून आलेले अनेक खेळाडू त्यांनी पाहिले असतील, कदाचित तेही एकदा तसेच परतले असतील. ते काय बोलायचे ते बोलतील, किंवा नुसते चेंडू परत देतील.

आणि खिडकीतून पाहणे थांबवा. हे थोडे कठोर वाटेल, पण त्याला ते माहीत असणार. उजेड दोन्ही बाजूंनी असतो, त्याला खिडकीतली आई दिसते. खाली जा, बाकावर बसा, स्वेटर विणा, फोनवर बोला, काहीही करा, पण उघडपणे तिथे असा. बॅगेला हात लावू नका, ती चिठ्ठी त्याची त्यालाच काढू द्या. यजमानांनी ‘हौस’ हा शब्द घरात वापरू नये, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. अठरा वर्षांच्या मुलाने परक्या देशात, परक्या भाषेत, आठ महिने रोज पहाटे उठून सराव केला, त्याला हौस म्हणू नये. जुलै संपेपर्यंतही तो कोणाशीच बोलत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, किंवा रात्री मैदानावर जाणेही बंद झाले, तर मात्र वाट न पाहता तुमच्या भागातील आरोग्य केंद्रात त्याला घेऊन जा. तिथे या वयाच्या मुलांच्या मनाची दखल नीट घेतली जाते, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

राहिले तुमचे सासरे. त्यांच्यापासून काही लपवू नका. रोज विचारतात, याचा अर्थ त्यांना नातवाच्या खेळाची ओढ आहे, आणि आजोबांना खोटे सांगितलेले नातवाला कळले, तर परत येणे ही लपवण्यासारखी गोष्ट आहे हेच त्याच्या मनात पक्के होईल. त्यांना सांगा, की तो स्पेनहून एप्रिलमध्ये परत आला आहे, तिथे त्याला फार खेळायला मिळाले नाही, सध्या घरी आहे आणि परीक्षा द्यायची आहे. सामना कधी आहे, हे त्यांनी त्यालाच विचारावे. पहिले काही दिवस तो उत्तर देणार नाही. लीग ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि सामन्याच्या वेळी सांगलीत रात्र बरीच झालेली असेल, हेही आजोबांना आत्ताच सांगून ठेवा.